जुन्या संगणकावर घरचा संग्रह सांभाळताना: लिनक्सची काही भरवशाची साधने

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरचे धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. या अटींत न बसणारे, पण एरवी कसलीही तक्रार नसलेले डेस्कटॉप आणि लॅपटॉप त्यामुळे लिनक्स या पर्यायी कार्यप्रणालीच्या वाटेला लागले आहेत. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी लिनक्स मिंट टाकून घेतले, थोडे दिवस वॉलपेपर आणि आयकॉन बदलून पाहिले आणि मग विचारले, ‘आता याचे करायचे काय?’

माझे उत्तर ठरलेले आहे. या यंत्राला घरचा दप्तरखाना करावा. छायाचित्रे, व्हिडिओ, गुणपत्रिका, खरेदीखते, सातबाऱ्याचे उतारे, विम्याचे कागद असा सगळा ऐवज आज चार मोबाइल, दोन पेन ड्राइव्ह आणि कुणाच्या तरी ई-मेलमध्ये विखुरलेला असतो. तो एका जागी आणणे, त्याची प्रत ठेवणे आणि हवा तो कागद हवा तेव्हा सापडणे, या कामांसाठी लिनक्सवर जी साधने आहेत ती बरीचशी वीस-तीस वर्षांपासून वापरात आहेत आणि विनामूल्य आहेत. शिवाय आपण नेमके काय करत आहोत हे ती लपवत नाहीत, आणि मला त्यांचे महत्त्व याच एका कारणासाठी अधिक वाटते. कोणते लिनक्स घ्यावे या वादात मी पडणार नाही; खाली आलेली जवळपास सर्व पॅकेजे, म्हणजे साधनांचे तयार संच, डेबियन, उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांच्या भांडारांत आहेत.

सुरुवात डिस्कच्या तपासणीपासून करावी. जुन्या संगणकातली डिस्कही जुनीच असते आणि तिच्यावर संग्रह ठेवण्याआधी तिची प्रकृती पाहणे अगत्याचे आहे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या आरोग्याची ‘स्मार्ट’ नावाची नोंदवही ठेवते. ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे पॅकेज टाकल्यावर मिळणारी ‘स्मार्टसीटीएल’ ही कमांड ती नोंदवही वाचून दाखवते. हिच्यात वरच्या बाजूला ‘पास्ड’ असा एकंदर निकाल येतो आणि बहुतेक जण तो पाहून समाधानाने टर्मिनल, म्हणजे कमांड टंकण्याचा पडदा, बंद करतात. त्या निकालावर विसंबू नये, कारण डिस्क मरणपंथाला लागेपर्यंत तो बहुधा ‘पास्ड’च राहतो. खरी माहिती खालच्या तक्त्यात, अगदी उजवीकडच्या ‘रॉ व्हॅल्यू’ या रकान्यात असते.

त्या तक्त्यात पंचवीस-तीस ओळी असल्या तरी घरच्या माणसाने मोजक्याच पाहाव्यात. ५ क्रमांकाची ओळ किती सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले हे सांगते. १९७ क्रमांकाची ओळ किती सेक्टर वाचता येत नाहीत आणि निर्णयासाठी थांबले आहेत हे सांगते, आणि १९८ क्रमांकाची ओळ तपासणीत वाचता न आलेले सेक्टर मोजते. या तिन्ही ठिकाणी शून्य असले पाहिजे. १९७ समोर ८ किंवा १६ दिसले, तर तितक्या वेगवेगळ्या जागा खराब झाल्या असे लगेच समजू नये. हल्लीच्या बऱ्याच डिस्कांचा प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो, हिशेब मात्र ५१२ बाइटच्या तुकड्यांत होतो, त्यामुळे एक खराब सेक्टर आठ म्हणून मोजला जाऊ शकतो. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. केबल बदलावी आणि आकडा तिथेच थांबतो का ते पाहावे. ९ क्रमांकाची ओळ डिस्क आजवर किती तास चालली ते सांगते. ‘फारशी वापरलेली नाही’ असे म्हणून विकायला काढलेल्या जुन्या डिस्कचे पितळ उघडे पाडायला एवढी एक ओळ पुरेशी असते.

बॅकब्लेझ ही साठवणसेवा देणारी अमेरिकन कंपनी आपल्या डिस्कांची आकडेवारी २०१३ पासून उघडपणे प्रसिद्ध करते आणि निकामी होऊ घातलेली डिस्क ओळखण्यासाठी तिने ५, १८७ (दुरुस्त न होऊ शकलेल्या चुका), १८८ (वेळेत पूर्ण न झालेले आदेश), १९७ आणि १९८ या पाच नोंदींवर भर दिला. मात्र आकडे शून्य आहेत म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांच्या चार प्रमुख निर्देशकांत कसलीही पूर्वसूचना आढळली नव्हती. म्हणजे नोंदवहीत वाईट दिसले तर ते खरे मानावे. चांगले दिसले तर ‘अजून काही कळलेले नाही’ एवढाच त्याचा अर्थ.

याच साधनाने डिस्कला स्वतःची दीर्घ तपासणी करायला सांगता येते. ती डिस्कच्या आतच चालते, संगणकावरचे काम थांबत नाही, आणि एक टीबीच्या डिस्कला काही तास लागतात. यूएसबीच्या डबीतल्या डिस्कची नोंदवही कधीकधी उघडत नाही. तेव्हा ‘-डी’ या पर्यायापुढे ‘सॅट’ असे लिहिल्यास बहुतेक वेळा काम होते. एनव्हीएमई प्रकारच्या, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कांत हा तक्ताच वेगळा असतो. तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ (किती आयुष्य सरले) आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ (किती राखीव जागा उरली) या दोन ओळी पुरेत. टर्मिनलची भीती वाटत असेल तर ‘जीस्मार्टकंट्रोल’ हेच सारे खिडकीत दाखवते.

डिस्क ठीक निघाली की जागेचा प्रश्न येतो. ‘एनसीडीयू’ हे छोटेसे साधन टर्मिनलमध्येच प्रत्येक फोल्डरने किती जागा खाल्ली ते उतरत्या क्रमाने दाखवते आणि बाणांच्या कळांनी आत-बाहेर फिरू देते. ‘-एक्स’ दिल्यास ते एकाच फाइल सिस्टिमपुरते, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या एकाच रचनेपुरते, राहते, त्यामुळे जोडलेल्या बाहेरच्या डिस्का मोजणीत मिसळत नाहीत. याच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही, इतके ते सरळ आहे.

जागेबाबतची एक गोष्ट मात्र अनेकांना ठाऊक नसते. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम तयार होताना एकूण जागेपैकी पाच टक्के जागा रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्यासाठी राखून ठेवते, जेणेकरून डिस्क गच्च भरली तरी यंत्रणा पार ठप्प होऊ नये. डिस्कच्या ज्या विभाजनावर (भागावर) लिनक्स आहे तिथे ही काळजी योग्य आहे. पण नुसती छायाचित्रे ठेवलेल्या एक टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर याच नियमाने सुमारे पन्नास जीबी जागा विनाकारण अडकून पडते. ‘ट्यून२एफएस’ या कमांडला ‘-एम’ पर्यायासह १ किंवा ० दिले की ती जागा, डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का न लावता, मोकळी होते.

आता मुख्य काम, म्हणजे प्रत ठेवणे. लिनक्स मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ आधीपासून असते आणि ते चालू केल्यावर आपला बॅकअप होत आहे अशी अनेकांची समजूत होते. टाइमशिफ्ट हे मूळ यंत्रणेच्या फाइली जपण्यासाठी आहे. एखादे अपडेट अंगाशी आले तर आदल्या स्थितीत परतता यावे हा त्याचा हेतू. वापरकर्त्याचे होम फोल्डर, म्हणजे जिथे आपली छायाचित्रे आणि कागद असतात ते, टाइमशिफ्ट मुळात वगळूनच चालते. म्हणून संग्रहासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते आणि माझ्या मते त्यासाठी ‘आरसिंक’ला तोड नाही.

आरसिंक हे ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली जाहीर केले. संथ जोडणीवरून दोन संगणकांतील फाइली जुळवताना संपूर्ण फाइल न पाठवता फक्त बदललेले तुकडे पाठवायचे, ही त्याची प्रसिद्ध युक्ती. गमतीचा भाग असा, की एकाच संगणकाला जोडलेल्या दोन डिस्कांमध्ये प्रत घेताना ही युक्ती मुळात बंदच असते, कारण तिथे तुकडे तपासत बसण्यापेक्षा पूर्ण फाइल पुन्हा लिहिणे स्वस्त पडते. घरच्या वापरात उपयोगी पडते ती त्याची दुसरी सवय: फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी असेल तर त्या फाइलला ते हात लावत नाही. त्यामुळे पहिली प्रत घ्यायला संध्याकाळ गेली तरी पुढची प्रत काही मिनिटांत उरकते.

आरसिंक वापरताना दोन ठिकाणी सावध राहावे. पहिले ठिकाण स्रोत फोल्डरच्या नावानंतरची तिरपी रेघ. ‘छायाचित्रे’ एवढेच लिहिले तर त्या नावाचे फोल्डर पलीकडच्या डिस्कवर तयार होऊन त्यात सर्व काही जाते; ‘छायाचित्रे/’ असे लिहिले तर फोल्डरच्या आतला ऐवज थेट दिलेल्या जागी ओतला जातो. दुसरे ठिकाण ‘डिलीट’ हा पर्याय, जो मूळ जागी नसलेल्या फाइली प्रतीतूनही पुसून टाकतो. हा पर्याय आणि चुकीची रेघ एकत्र आली की व्हायचा तो गोंधळ होतो. म्हणूनच कोणतीही नवी आरसिंक कमांड आधी ‘-एन’ आणि ‘-व्ही’ या पर्यायांसह चालवावी. तेव्हा ती प्रत्यक्षात काहीही न करता फक्त काय काय करेल याची यादी देते. ती यादी, विशेषतः तिच्यातल्या ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी, डोळ्यांखालून घालाव्यात आणि मगच ‘-एन’ काढून तीच कमांड पुन्हा द्यावी.

याच साधनात ‘लिंक-डेस्ट’ नावाचा एक पर्याय आहे, ज्याने तारीखवार प्रती ठेवता येतात. आजची प्रत घेताना त्याला कालच्या प्रतीचे फोल्डर दाखवायचे. न बदललेल्या फाइली पुन्हा न लिहिता तो त्यांना हार्ड लिंकने, म्हणजे त्याच फाइलला आणखी एक नाव देऊन, जोडतो. प्रत्येक तारखेचे फोल्डर उघडल्यावर पूर्ण दिसते, डिस्कवर जागा मात्र फक्त बदलांपुरती जाते. मार्चमध्ये चुकून पुसलेला फोटो जूनमध्ये आठवला तरी तो फेब्रुवारीच्या फोल्डरात सापडतो. अर्थात दहा तारखांत दिसणारी फाइल डिस्कवर एकच असते, त्यामुळे ती जागा खराब झाली तर दहाही ठिकाणची फाइल गेली. तारीखवार प्रती असल्या तरी दुसरी डिस्क लागतेच. हार्ड लिंक एक्सफॅट किंवा फॅट३२ या फाइल सिस्टिमवर चालत नाहीत, म्हणून बॅकअपची डिस्क केवळ लिनक्ससाठी असेल तर ती ईएक्सटी४ मध्येच फॉरमॅट करावी. प्रत सांकेतिक कुलपात ठेवायची असेल तर ‘बोर्ग’ किंवा ‘रेस्टिक’ पाहावे. दोन्ही उत्तम आहेत, पण पासवर्ड हरवला की संग्रह गेला, हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.

घेतलेली प्रत खरोखर बरोबर आहे का, हेही आरसिंकच सांगते. ‘-एन’ आणि ‘-व्ही’ सोबत ‘-सी’ दिल्यास ते आकार-वेळेवर न थांबता दोन्हीकडच्या फाइली पूर्ण वाचते, त्यांचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवते आणि फरक असलेल्या फाइलींची नावे देते. ही पडताळणी प्रत घेतल्या घेतल्या करू नये. तेव्हा बराचसा मजकूर रॅममधूनच वाचला जाण्याची शक्यता असते. बाहेरची डिस्क रीतसर काढून पुन्हा जोडावी आणि मग पडताळावे.

रॅमचा विषय निघालाच आहे तर पेन ड्राइव्हबद्दलही लिहितो, कारण विंडोजवरून आलेले लोक हमखास इथे चक्रावतात. मोठा व्हिडिओ कॉपी करताना पट्टी भराभर पुढे जाते, काम संपल्यासारखे दिसते, आणि ‘सुरक्षितपणे काढा’ म्हटल्यावर मात्र मिनिटेच्या मिनिटे काही घडत नाही. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेते आणि मागाहून डिस्कवर उतरवते. मुळातल्या रचनेनुसार उपलब्ध रॅमच्या वीस टक्क्यांपर्यंत असा मजकूर साचू शकतो. ‘/प्रॉक/मेमइन्फो’ या फाइलमधली ‘डर्टी’ ही ओळ ‘वॉच’ कमांडने पाहत राहिल्यास तो आकडा हळूहळू उतरताना दिसतो. तो जवळपास शून्यावर येईपर्यंत, किंवा ‘सिंक’ ही कमांड देऊन ती परत येईपर्यंत, पेन ड्राइव्ह उपसू नये. पावसाळ्यात जिथे वीज केव्हाही जाते तिथे डेस्कटॉपला छोटा यूपीएस असावा तोही याचसाठी. ईएक्सटी४ चे जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, फाइल सिस्टिमचा सांगाडा सावरते, रॅममध्ये राहिलेला मजकूर परत आणत नाही.

दोन्ही विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर ठेवणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर संगणक बंद केल्यावरही विंडोजचे एनटीएफएस विभाजन अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि लिनक्स ते फक्त वाचण्यापुरते उघडते किंवा उघडतच नाही. ती सोय विंडोजमध्ये जाऊन बंद करावी. लिनक्समध्ये खटपट करत बसू नये.

डिस्क बिघडलीच तर? आवाज करू लागलेल्या किंवा १९७ चा आकडा रोज वाढणाऱ्या डिस्कवरून फाइल मॅनेजरने फोल्डर ओढण्याचा मोह आवरावा. खराब जागी पोचल्यावर ते अडखळते, पुन्हा पुन्हा तीच जागा वाचायला लावते आणि उरलीसुरली डिस्कही संपते. यासाठी अँटोनियो डियाझ डियाझ यांचे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ आहे. डेबियन घराण्यात त्याचे पॅकेज ‘जीडीडीरेस्क्यू’ या नावाने मिळते. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते आणि कठीण जागा नंतरसाठी राखते. कोणता भाग मिळाला, कोणता राहिला, याची नोंद ते एका मॅपफाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली, डिस्क तापली म्हणून थांबवावे लागले, तरी पुढच्या वेळी काम तिथूनच सुरू होते. ही मॅपफाइल देणे ऐच्छिक आहे, पण ती न देता डीडीरेस्क्यू चालवणे म्हणजे त्याची निम्मी उपयुक्तता टाकून देणे होय. पहिल्या फेरीला ‘-एन’ द्यावे, म्हणजे खराब जागा खरवडण्याचे काम टळते; दुसऱ्या फेरीला ‘-आर’ पुढे ३ देऊन राहिलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न करावेत. स्रोत आधी आणि लक्ष्य नंतर, हा क्रम उलटला तर चांगल्या डिस्कवरून खराब डिस्कवर लिहिले जाईल. म्हणून कमांड देण्याआधी जोडलेल्या डिस्कांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’ला मॉडेल आणि सीरियल क्रमांक दाखवायला सांगून डिस्कवरच्या स्टिकरशी ते ताडून पाहावेत.

मेमरी कार्डावरून पुसले गेलेले फोटो मिळवायला क्रिस्टॉफ ग्रेनिए यांचे ‘फोटोरेक’ कामी येते. ते फाइलींची यादी न पाहता कार्डाचा कोपरान् कोपरा वाचते आणि जेपेगसारख्या प्रकारांची ओळखीची सुरुवात दिसली की तिथून फाइल उचलते. फाइलींची मूळ नावे आणि फोल्डर यात परत मिळत नाहीत, आणि सापडलेला ऐवज त्याच कार्डावर कधीही उतरवायचा नसतो, एवढे ध्यानात ठेवले की झाले.

नावे गेलेल्या अशा शेकडो छायाचित्रांना पुन्हा ओळीत बसवण्याचे काम फिल हार्वी यांचे ‘एक्झिफटूल’ करते. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख वाचून ते फाइलीला तेच नाव देऊ शकते किंवा वर्ष-महिन्यांच्या फोल्डरांत तिची रवानगी करू शकते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत मात्र ही आतली तारीख नसते. तिथे फाइलच्या नावातल्या तारखेवरच भागवावे लागते आणि तीही फोटो काढल्याची नसून तो आल्याची असते. दुबार फाइली शोधायला ‘एफडुप्स’ आहे. ते नावाकडे न पाहता मजकूर जुळवते. सुप्रभाताच्या चित्रांनी घरच्या डिस्कवर केवढी जागा बळकावली आहे हे पाहून कौटुंबिक गटातल्या ज्येष्ठांवर रागावू नये. एफडुप्सच्या यादीतून ती निमूट पुसून टाकावीत.

शेवटी कागदपत्रे. स्कॅन केलेला कागद हे संगणकाच्या दृष्टीने निव्वळ चित्र असते आणि चित्रात शब्द शोधता येत नाहीत. ‘टेसरॅक्ट’ हे अक्षरओळखीचे साधन एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ साली मुक्त झाले आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ते न्यूरल नेटवर्कवर चालते. त्याचा मराठीचा संच वेगळे पॅकेज म्हणून मिळतो. ‘ओसीआरमायपीडीएफ’ला मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा सांगून स्कॅनची पीडीएफ दिली, की मूळ चित्र तसेच ठेवून ते त्याच्या मागे ओळखलेल्या मजकुराचा अदृश्य थर घालते. स्कॅन ३०० डीपीआयचे (दर इंचाला ३०० ठिपके) असावे. मोबाइलने तिरका काढलेला फोटो असेल तर आधी ‘डेस्क्यू’ हा पर्याय लावावा. स्वच्छ छापील मजकूर चांगला ओळखला जातो, जोडाक्षरांत आणि शिक्क्यांखाली आलेल्या ओळींत चुका होतात, हस्ताक्षराची फार आशा धरू नये, आणि मोडीतल्या जुन्या दस्तांना याचा काहीच उपयोग नाही.

असा थर चढला की ‘पीडीएफग्रेप’ने संपूर्ण फोल्डरात एखादे नाव किंवा गट क्रमांक शोधता येतो. मराठी शोधातला एक खाचखळगा मात्र ठाऊक असावा. ‘सातबाऱ्याचा’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि जोडणारे अदृश्य चिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पीडीएफग्रेपला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि समोर असलेला कागद ‘सापडला नाही’ म्हणून परत येतो. म्हणून शोधताना पूर्ण शब्द न देता ‘सातबा’ एवढाच भाग द्यावा. दोन्ही प्रकारे लिहिलेले कागद एकाच यादीत येतात.